आढ्यावरचा पेंढ्याचा माणूस

मागनार त्वाइत या सुताराला एखादं काम पसंत पडलं की तो मान हलवायचा. एकदाच, हनुवटी जराशी खाली, आणि पुढे चालू लागायचा. ही सवय त्याला त्याच्या उस्तादाकडून, म्हाताऱ्या आन्तोनकडून लागली होती. मागनार सतराव्या वर्षी आन्तोनच्या हाताखाली सुतारकाम शिकायला लागला. पहिली अकरा वर्षं आन्तोन त्याच्याशी फक्त काय चुकलं तेवढंच बोलला. मग एका मार्च महिन्यात, होड्यांच्या शेडचं छप्पर चढवताना, म्हाताऱ्याने मागनारने केलेल्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. त्या दिवशी मागनार सायकल हातात धरून घरी चालत गेला. हसू आवरत नव्हतं, आणि मोलोयसारख्या छोट्या गावात रस्त्यावर माणसाने एकट्यानेच हसत सायकल हाकणं बरं दिसत नाही.

त्यावर त्याने तेहतीस वर्षं काढली. आता तो एकसष्ट वर्षांचा होता, बावीस वर्षं मुकादम होता, आणि त्याच्या हाताखालच्या सहा माणसांशी तो अगदी आन्तोनसारखाच वागत होता. चुकलं तर बोलायचं. बरोबर असलं तर बोलण्यासारखं आहेच काय? बायको सोलफ्रिद त्याला चिडवायची, "एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या स्वयंपाकाला तू एकदा 'वाईट नाही' म्हणालास. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय." यावर मागनार आणखी एक बटाटा वाढून घ्यायचा आणि आपण उत्तर दिलं असं समजायचा.

त्याच्या सहा जणांत सगळ्यात पक्का हात होता जिन्तारासचा. चार वर्षांपूर्वी लिथुआनियातल्या पानेवेझिसहून आलेला हा बुटका, रुंद खांद्यांचा माणूस तासन् तास बोलत नसे, आणि म्हणूनच मागनारला तो फार आवडायचा. दर आठवड्याला दोनतीनदा तरी मागनार त्याच्या कामासमोर उभा राहून मान हलवायचा. इतक्या वेळा त्याने आयुष्यात कुणाला मान हलवली नव्हती. एका नाताळची सुट्टी संपवून येताना जिन्तारासने त्याला मलमाची एक डबी आणून दिली. मधमाश्यांच्या मेणाचं, घरी केलेलं. "बायकोने पाठवलंय तुझ्यासाठी," म्हणाला. का पाठवलंय हे मागनारने विचारलं नाही. विचारणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तो ते गुडघ्यांना चोळू लागला आणि त्याला बरं वाटलं.

त्या वर्षी बंदराकाठी चोवीस घरांची लाकडी इमारत चढत होती. जुना मालक रायदार याने कंपनी वसंतातच ऑस्लोच्या एका बड्या कंपनीला विकली होती. रायदार म्हणजे महाकंजूष. वाकडे खिळे सरळ करून वापरायला लावणारा. पण आढं चढलं, वासे बसले की त्याच्यातला कंजूष कुठे पळायचा कोण जाणे. आढ्यावर हिरव्या फांद्यांचं कडं लागायचं, काम थांबायचं, आणि रायदार मेंढीचं मटण आणि कोबी घातलेलं मोठं पातेलं घेऊन हजर व्हायचा. सगळे जेवायचे आणि तो एकेकाचं नाव घेऊन एकेक वाक्य बोलायचा. वाक्यं दरवर्षी तीच असायची, तरी माणसं मान खाली घालून ऐकायची. याला क्रान्सेलाग म्हणतात. ते मालकाने द्यायचं असतं. जो मालक देत नाही त्याच्या आढ्यावर कारागीर पेंढ्याचा माणूस टांगतात, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला समजतं की इथला मालक कसा आहे. मागनारच्या हयातीत तशी वेळ कधी आली नव्हती.

ऑस्लोहून कारभार बघायला सिन्ने नावाची एकतीस वर्षांची मुलगी आली. अर्थशास्त्र शिकलेली, चटपटीत, सतत फोनवर. वाईट नव्हती. पगार एक दिवस उशिरा झाला नाही, आणि जुनी परांची बदला म्हणून कुणी सांगायच्या आधीच तिने नवी मागवली होती. मागनारने तेव्हा मनातल्या मनात तिलाही मान हलवली होती.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी, दोन वादळांच्या मधल्या फटीत, आढं चढलं. बेचाळीस मीटर लांब. दोरी लावायचं आणि पातळी धरायचं काम जिन्तारासचं. संध्याकाळी मागनारने स्वतः मापून पाहिलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चार मिलिमीटरचा फरक. वाऱ्यात! मागनार जिन्तारासजवळ गेला, उभा राहिला, आणि मान हलवली. मग गाडी घेऊन डोंगरावर गेला आणि कड्यासाठी फांद्या तोडून आणल्या.

शुक्रवारी दहाच्या कॉफीला सगळे साइटवरच्या केबिनमध्ये बसले होते, पावावरचं तपकिरी चीज खात, निमंत्रणाची वाट बघत. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. प्रत्येकाच्या खात्यात दीड हजार क्रोनर जमा झाले होते. खाली सिन्नेचा संदेश होता, 'छप्पर झालं! क्रान्सेलागऐवजी सर्वांना बोनस. छान काम!'

सहा जणांतला फ्रोदे, जो गप्प बसूच शकत नाही, तो म्हणाला, "चला, माझे हिवाळी टायर झाले."

तेवढ्यात त्याचा फोन पुन्हा वाजला. स्टाइनार होता. त्यांच्याच टोळीतल्या स्टाइनारची पाठ मे महिन्यात धरली होती, तेव्हापासून तो घरीच होता. फ्रोदेने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "अरे, मला दीड हजार आलेत," स्टाइनार म्हणाला. "छपराबद्दल. मी छपरावर चढलो होतो का रे कधी?"

इथे मात्र मागनारचं डोकं फिरलं. पैसे कमी होते असं नाही. रायदारच्या पातेल्यात माणशी तीनशेचंसुद्धा मटण नसेल. पण ज्याने आढं चढवलं त्यालाही तेच आणि जो सोफ्यावर पडून होता त्यालाही तेच, म्हणजे वरती कोण होतं हे सिन्नेने पाहिलंच नव्हतं. त्याने कॉफी अर्धवट ठेवली आणि म्हणाला, "पेंढा आणा."

पैसे परत करूया असं कुणीतरी म्हणालं. बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. दुपारपर्यंत पेंढ्याचा माणूस तयार झाला. अंगात कंपनीचा जुना रेनकोट, डोक्यावर कंपनीचं केशरी हेल्मेट. मागनार स्वतः तो आढ्यावर बांधायला चढला. शिडी जिन्तारासने धरली होती.

खाली उतरल्यावर जिन्तारास म्हणाला, "मागनार, या महिनाअखेर मी चाललो. सिन्नेला पत्र दिलंय."

"कुठे?"

"बर्गनला. हॉटेलचं काम आहे. तासाला अठ्ठावीस क्रोनर जास्त देतायत."

थांब म्हणायचं मागनारच्या मनात होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "म्हणजे तूसुद्धा पैशामागे."

जिन्तारासने शिडी खांद्यावर घेतली. "पानेवेझिसला घर बांधतोय मी," तो म्हणाला, "त्याच्या भिंती कौतुकाने उभ्या राहत नाहीत. तसं ते मला इथे मिळतंय असंही नाही." आणि शिडी घेऊन निघून गेला.

मागनारला वाटलं, हा सिन्नेबद्दल बोलतोय.

सोमवारी सकाळी सिन्ने आली, गाडीतून उतरली आणि वर बघून टाळ्या पिटत हसली. तिला तो शुभंकर वाटला! तिने फ्रोदेला हाक मारली, हातात फोन दिला, आढ्याखाली उभी राहिली आणि अंगठा वर केला. फ्रोदेनेही फोटो काढला, मेल्याने. दहा मिनिटांत तो कंपनीच्या पानावर झळकला. खाली ओळ होती, 'आमच्या कल्पक सुतारांनी आढ्यावर आपला एक साथीदार बसवलाय. अभिमान वाटतो!'

दुपारपर्यंत सगळ्या मोलोयने तो पाहिला. मासळीच्या दुकानात लोक एकमेकांना दाखवत होते. ऐंशीच्या पुढचे म्हातारे मुद्दाम बंदरावर फिरायला आले. पानाखाली लोकांनी लिहिलं, 'शोभून दिसतो हो', 'अगदी मालकावर गेलाय'. सिन्नेने प्रत्येकाला हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवून आभार मानले. खरं काय ते तिला कुणीच सांगितलं नाही. कोण कशाला सांगेल?

संध्याकाळी सोलफ्रिदने तो फोटो मागनारपुढे धरला. तिला वाटलं तो हसेल. मागनारने पाहिलं, पोरीचा वर केलेला अंगठा, वाऱ्याने तोंडावर आलेले केस, आणि चेहऱ्यावर खराखुरा आनंद. त्याला जेवण जाईना.

"तुम्ही सगळे तिला अद्दल घडवणार होतात ना?" सोलफ्रिद म्हणाली. "मग घडली की."

"तिला कळलंच नाही."

"तेच म्हणतेय मी. ज्याला शिवी समजत नाही त्याला शिवी देऊन काय उपयोग? उद्या जा आणि सांग तिला. तोंडाने."

मंगळवारी सकाळी सात वाजता मागनार सिन्नेच्या ऑफिसच्या दारात उभा राहिला. हेल्मेट काढून हातात घेतलं. तो आधी हवेबद्दल दोन वाक्यं बोलला, मग छपराच्या पत्र्याबद्दल एक, आणि मग त्याने सांगून टाकलं. कडं, पातेलं, पेंढा, स्टाइनार, सगळं.

सिन्ने आधी लाल झाली, मग पांढरी. तिने फोन उघडून तो फोटो काढून टाकला. फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "माझे बाबा बस चालवायचे. चौतीस वर्षं. दरवर्षी कंपनी त्यांना केक द्यायची. मोठा, साखरेत लिहिलेला, 'तुमच्याशिवाय आम्ही नाही'. बाबा तो केक घरी आणून कचऱ्यात टाकायचे आणि म्हणायचे, पगार वाढवा लेकांनो. मी ठरवलं होतं, माझ्या हातात आलं तर मी माणसांना केक देणार नाही. पैसे देईन."

मागनारला तो केक कचऱ्यात पडताना दिसला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की या बाबतीत बरोबर काय ते त्याला पक्कं ठाऊक आहे.

"दोन्ही लागतं बहुतेक," तो शेवटी म्हणाला.

"आणि तू?" सिन्नेने एकदम विचारलं. "तुझ्या माणसांचं काम चांगलं झालं तर तू काय करतोस?"

"मी मान हलवतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग ड्रॉवरमधून एक कागद काढला, वाचला आणि परत ठेवला. "हे जिन्तारासचं पत्र. मी त्याला पंधरा क्रोनर वाढवून देऊ शकते, अठ्ठावीस नाही देता येणार. मी त्याला तसं सांगितलं. पण आकड्याच्या खाली त्याने आणखी एक ओळ लिहिलीय. ती मी तुला वाचून दाखवणार नाही. जाऊन त्यालाच विचार."

मागनार तसाच परांचीवर चढला. आधी जाऊन पेंढ्याचा माणूस सोडवला आणि खाली टाकला. जिन्तारास पलीकडच्या टोकाला फळ्या ठोकत होता. विचारायला मागनारला इतका वेळ लागला की तोवर जिन्तारासच्या सहा फळ्या झाल्या.

"तू पत्रात काय लिहिलंस?"

जिन्तारासने हातोडी पट्ट्यात अडकवली. "लिहिलं की, चार वर्षांत मुकादमाला माझं काम कसं वाटतं हे मला कळलं नाही. बर्गनच्या माणसाने माझं एक दार बघितलं आणि म्हणाला, हे काम उत्तम आहे. एकाच दारावरून. परका माणूस."

"अरे, पण मी दर आठवड्याला..." मागनार अडखळला. "मी तुला मान हलवतो ना!"

"म्हणजे?"

मागनारने करून दाखवलं. एकदा, हनुवटी खाली.

जिन्तारास त्याच्याकडे बघतच राहिला. "ती तुझी शाबासकी आहे?" तो हळूच म्हणाला. "मागनार, मला वाटायचं तुझी मान दुखते! मी बायकोला फोनवर सांगितलं, मुकादम चांगला आहे, पण बिचाऱ्याची मान कायम अवघडलेली असते. म्हणून तर तिने मलम पाठवलं!"

मागनार फळ्यांच्या ढिगावर बसला. त्याला गुडघे आठवले. दोन वर्षं तो ते मलम चोळत होता आणि त्याने एकदाही विचारलं नव्हतं. जिन्तारासला हसू फुटलं, मग मागनारलाही, आणि खालून फ्रोदे ओरडला की वरती कुणाला काही झालंय का. पण हसून झाल्यावर जिन्तारास म्हणाला, "कळलं ते बरं झालं. पण बर्गनला मी हो म्हटलंय," आणि त्याने हातोडी पुन्हा हातात घेतली. मागनार खाली उतरला तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटत होती. त्या मुलीने निदान संदेशात 'छान काम' एवढं तरी लिहिलं होतं.

सिन्नेने क्रान्सेलाग महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ठेवलं. जिन्तारासचा तो शेवटचा दिवस. सोलफ्रिद म्हणते, त्या आठवड्यात मागनार गॅरेजमध्ये जाऊन एकटाच बडबडायचा. एकदा तिने दार उघडलं तर तो कारला उद्देशून काहीतरी म्हणत होता, आणि तिला बघून त्याने टायर तपासल्याचं नाटक केलं.

शुक्रवारी फ्रोदेने ताज्या फांद्यांचं कडं आढ्यावर लावलं. सिन्नेने मटण आणि कोबी रायदारच्याच बायकोकडून करवून आणलं होतं. बिनपडद्यांच्या, रंधा मारलेल्या लाकडाचा वास येणाऱ्या तळमजल्यावर टेबल मांडलं. स्टाइनारलाही बोलावलं होतं, तो पाठीला पट्टा बांधून आला आणि दारातच म्हणाला, "मी काही केलेलं नाही, मी नुसता जेवणार." सिन्ने उभी राहिली. तिच्या हातात कागद नव्हता. तिने एकेकाचं नाव घेतलं, नावाबरोबर काम घेतलं, आणि स्टाइनारपाशी येऊन म्हणाली, "छपराला याचा हात लागला नाही, पण खालचा एकूण एक खांब एप्रिलमध्ये याने उभा केलाय." स्टाइनार एकदम बटाट्याची सालं काढू लागला, बटाटे आधीच सोललेले असताना. हे सगळं तिने कधी आणि कुणाला विचारलं, मागनारला पत्ता नव्हता.

मग सगळ्यांनी मागनारकडे पाहिलं. मुकादमाने अशा वेळी उठून 'आभार' म्हणायचं आणि खाली बसायचं, एवढाच रिवाज. मागनार उठला. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"आढं बेचाळीस मीटर आहे," तो म्हणाला. "फरक चार मिलिमीटर. मी दोनदा मापलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. दोरी जिन्तारासने लावली. वाऱ्यात." तो थांबला. चमचे थांबले होते. "मी छत्तीस छपरं चढवलीत. मला हे जमलं नसतं. आन्तोनलाही जमलं नसतं." पुन्हा थांबला. टेबलाची कड सोडून त्याने जिन्तारासकडे पाहिलं. "चांगलं काम आहे. चार वर्षं चांगलंच आहे. मी तोंडाने सांगायला हवं होतं. आणि तो गेला तर मला फार वाईट वाटेल."

तो खाली बसला. मग फ्रोदे कुजबुजला, "मागनार, डॉक्टरला बोलवायचं का?" आणि सगळ्या टेबलावर हशा उसळला.

जिन्तारास हसला नाही. तो ताटाकडे बघत बसला होता, कान लालबुंद झाले होते. मग त्याने सिन्नेला विचारलं, "ते पंधरा अजून आहेत?"

"आहेत," सिन्ने म्हणाली. "आणि जानेवारीत आणखी बघू. हे मी लिहून देते."

जिन्तारासने मागनारकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि मग एकदाच, हनुवटी जराशी खाली करून, मान हलवली.

मागनारच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्याने विचारलं, "काय रे, मान दुखतेय का?"

"फार," जिन्तारास म्हणाला. "सोमवारी येताना ते मलम घेऊन ये."